स्वप्नाला काय येतं

बायको साखराबाई गेल्याचं कळलं, तेव्हा बंकट शेरडं घेऊन डोंगराच्या अंगाला होता. सकाळी तिच्या छातीत कळ आली म्हणून मेव्हण्यानं तिला जीपमध्ये घालून बीडला नेलं होतं. बंकटही निघाला होता, पण तीच म्हणाली, "तुमी कावून येता? शेरडं कोन सोडील? पोरीला शाळंतून कोन आणील?" म्हणून तो मागं राहिला. डोंगरात फोन लागत नव्हता. दुपार कलल्यावर फाट्यावरची जैनबबी चढ चढून येताना दिसली, अन् बंकट शेरडं सोडून तिच्याकडं उतरायला लागला. जैनबबी फळांचा गाडा सोडून कधी कुठं जात नसे.

ती धापा टाकत दगडावर बसली. "भाऊ, माझे मालक मागून येतेत, शेरडं त्यांच्याकडं द्या अन् घरी चला," एवढंच म्हणाली. पुढचं तिला सांगावं लागलं नाही.

त्या दिवशी शाळा सुटून गेली तरी त्यांची लेक स्वप्ना व्हरांड्यातच बसून होती. तिच्या शेजारी हेडमास्तर बसले होते. स्वप्ना नऊ वर्षांची, डोक्यानं मंद. शब्द बोलायची ते हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. साखराबाई रोज तिला शाळेत न्यायची अन् सुटेपर्यंत व्हरांड्यात बसून राहायची, कारण पोर वर्गात टिकत नसे. उठायची अन् चालायला लागायची. शाळेपुढं मांजरसुंब्याला जाणारा मोठा रस्ता, त्यावर ट्रकांची रीघ.

तेरावा झाल्यावर हेडमास्तरांनी बंकटला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "पाव्हणं, आजवर तिच्या आईच्या जिवावर आमी तिला ठेवली. आता एक तर तुमच्यातलं कुणी बसा, न्हाई तर निवासी शाळेचं बघावं लागंल. रस्त्यावर काय झालं तर आमी कुणाला तोंड दाखवावं?"

बंकट शाळेत बसला तर शेरडं उपाशी. अन् घरात आता दोनच माणसं उरली होती. त्यातलं एक निवासी शाळेत गेलं, तर भाकरी तरी कुणासाठी थापायची? हेडमास्तर म्हणाले, "बुधवारी योगिता मॅडम येणारेत. आराखडा करायचाय. त्यांच्याशी बोला, मग ठरवू."

योगिता मॅडम विशेष शिक्षिका, अशा लेकरांना शिकवायला गावोगाव स्कूटीवर फिरायच्या. दर वर्षी प्रत्येक लेकराचा एक आराखडा करायचा असतो. त्याला आज काय येतं, वर्षभरात काय शिकवायचं, ते कोण शिकवील, हे त्यात लिहायचं. बंकटला साहेबलोकांपुढं बोलायची धास्ती, म्हणून त्यानं जैनबबीला सोबत नेलं. ती साखराबाईची जिवाभावाची. मधल्या सुट्टीत मायलेकी तिच्याच गाड्यापाशी असायच्या.

बुधवारी शाळेच्या खोलीत हेडमास्तर अन् स्वप्नाही होते. मॅडमनी विचारलं, "बाबा, स्वप्नाला काय काय येतं?"

"काहीच येत न्हाई," बंकट म्हणाला.

मॅडम लिहायला लागल्या. जैनबबीनं मान वळवून बंकटकडं पाहिलं.

"काय बोलता भाऊ? काही येत न्हाई?"

"गप बस ना."

"गप कावून बसू? मॅडम, काय लिहिलं ते वाचा बरं."

मॅडमनी वाचलं, "स्वप्ना स्वतः हात धुवायला शिकेल."

जैनबबीला हसूच फुटलं. "अवं, ही हात धुतल्याबिगर माझ्या फळाला शिवत न्हाई. मला धुवायला लावती. माझ्या मालकाला लावती. त्यांनी उभ्या जन्मात एवढे हात धुतले न्हाईत."

मॅडमचा पेन थांबला. त्यांनी मागच्या वर्षीचा आराखडा काढला. त्यात तेच होतं. त्याच्या मागच्या वर्षीही तेच. "मीही तेच उतरवत आले," त्या म्हणाल्या. "पण बाबा, तुम्ही दर वेळी काहीच येत नाही का म्हणता?"

बंकटनं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग हळूहळू सांगितलं. पोर लहान असताना अपंगाचा दाखला काढायला तो अन् साखराबाई कॅम्पला गेले होते. रांगेतली झाडून सगळी माणसं एकच सांगत होती, काही येतंय म्हणू नका, अपंगत्वाचे टक्के कमी पडतील, दाखला जाईल. तेव्हापासून कुणीही साहेब पुढं आला की घरातलं उत्तर ठरलेलं. साखराबाईचंही तेच, त्याचंही तेच. पोरीनं एखादी गोष्ट करून दाखवली की दोघं घरात कौतुक करायचे, अन् बाहेर झाकून ठेवायचे.

"हा कागद शाळेचा आहे," मॅडम म्हणाल्या. "तो दाखल्याकडं जात नाही. काही येत नाही असं लिहिलं की मी तिला बाळाला शिकवावं तसं शिकवते. मग ती कंटाळते अन् उठून जाते."

"म्हंजी आमीच तिला रस्त्यावर काढली म्हणा की."

"तुम्ही एकट्यांनी नाही. मी होते ना बरोबर." मग त्या जैनबबीकडं वळल्या. "मावशी, ती गाड्यावर आणखी काय करते?"

"सीताफळं निवडती. डोळे उघडलेली, पिकायला आलेली एका पाटीत, मिटलेली दुसऱ्या. एक चुकायचं न्हाई."

"असं सांगून नाही चालणार. मला बघायचंय."

तिथं पहिला घोटाळा झाला. मॅडमनी पिशवीतून लाल-निळे मणी काढले अन् स्वप्नापुढं दोन वाट्या ठेवल्या. स्वप्नानं मणी हुंगले, एक चावून पाहिला, अन् वाट्या उलट्या करून उठली. हेडमास्तरांनी बंकटकडं पाहिलं. बंकटचं तोंड उतरलं. जैनबबी म्हणाली, "ह्याला डोळे कुठं हायेत बाई?" अन् तरातरा जाऊन गाड्यावरून सीताफळांची पाटी अन् दोन रिकाम्या पाट्या घेऊन आली.

सीताफळं पाहिल्यावर स्वप्ना आधी नळावर गेली. हात धुऊन आली, मांडी घातली. एकेक फळ उचलायची, खवल्यांमधल्या पिवळसर भेगा अंगठ्यानं चाचपायची, अन् या नाही तर त्या पाटीत ठेवायची. बाहेर ट्रक गेला, घंटा झाली, पोरं खिडकीत गोळा झाली. तिनं मान वर केली नाही. हेडमास्तरांनी गंमत म्हणून मिटलेलं एक फळ उघडलेल्यांच्या पाटीत टाकलं. तिनं ते काढलं, त्यांच्याकडं पाहिलं अन् म्हणाली, "न्हाई."

"सर, आता तुमचं नाव फळ्यावर लिवती बगा," जैनबबी म्हणाली. हेडमास्तर मोकळे हसले. बंकटही हसला. साखराबाई गेल्यापासून पहिल्यांदा.

मॅडमनी जुना कागद बाजूला ठेवला अन् नवा घेतला. या वेळी त्या विचारत गेल्या, बंकट सांगत गेला, जैनबबी भर घालत गेली. शेरडांत नवं पिल्लू आलं की तिला कळतं. पाण्याची कळशी न सांडता आणते. नाव घेऊन हाक मारली तर येत नाही, टाळी वाजवली तर येते. काही ठिकाणी बंकट अडला. पोरीची वेणी कशी घालायची अन् ती ओढून का काढते, हे साखराबाईलाच ठाऊक होतं. मॅडम म्हणाल्या, "माहीत नाही असं लिहू. खोटं नको."

ठरलं ते साधंच. रोज खिचडीच्या वेळी स्वप्नानं प्रत्येक पोरापुढं एक ताट ठेवायचं. त्यातूनच पुढं मोजणं. सकाळी वर्गात निवडायचं काम, आधी फळं, मग पानं, मग अक्षरांचे पुठ्ठे. पंधरवड्याला सगळ्यांनी पुन्हा बसायचं, जमत नसेल ते बदलायचं. निवासी शाळेचा विषय हेडमास्तरांनी दिवाळीपर्यंत लांबवला.

दिवाळीनंतर त्यांनी तो काढलाच नाही. मणी, पुठ्ठे अजूनही कधी कधी भिरकावले जातात, अन् 'स्व' अन् 'ख' तिला एकच वाटतात. पण ताटं वाटायची वेळ चुकत नाही, अन् ती होईस्तोवर स्वप्ना वर्गाचा उंबरा ओलांडत नाही; जेवणानंतर पुन्हा निवडायला बसते. व्हरांड्यात आता कुणी बसत नाही. बंकट शेरडं घेऊन डोंगराला जातो अन् शाळा सुटायच्या आधी खाली उतरतो. संध्याकाळी दोघांपुरत्या भाकरी थापतो. त्या जाड होतात, पोर खाते.

शाळेपुढचा रस्ता एकटीनं ओलांडायचं आराखड्यात लिहिलंय, ते अजून जमलेलं नाही.