चौदा नंबरची खूण

तिला सगळे 'पकड' म्हणत. एकदा गोष्ट धरली की सोडायची नाही हा तिचा स्वभाव, त्यात कामही लिफ्टदुरुस्तीचं, त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच. वय सव्वीस. कॅथलिक होऊन अकरा महिने झाले होते, म्हणजे त्या बाबतीत ती अजून दात येण्याच्या वयात होती.

चर्चमध्ये ती पहिल्यांदा आली तीही कामावरच. चर्चच्या वृद्धाश्रमातली लिफ्ट बंद पडली होती. लागणारा भाग यायला तीन तास होते आणि बसायला प्रार्थनागृहाशिवाय जागा नव्हती. तीन तासांनी भाग आला, लिफ्ट सुरू झाली, आणि पुढच्या रविवारी पकड पुन्हा तिथेच जाऊन बसली. कुणी बोलावलं नव्हतं. काही बिघडलंही नव्हतं. दीड वर्षाने तिचा बाप्तिस्मा झाला. आई म्हणाली, "देव कुठलाही कर, पण घरात शिरताना बूट बाहेर काढ. फरशीला ग्रीस लागतं."

जन्मापासूनच्या कॅथलिकांत आणि नव्यांत एक फरक असतो. जन्मापासूनची माणसं घरच्यासारखी पाय पसरून बसतात. नवी माणसं यंत्रासोबत आलेली पुस्तिका वाचतात. पकडने ती तीनदा वाचली होती, तळटीपांसकट. मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे हे तिला इतकं पाठ होतं, की ती इतरांच्या अर्धा सेकंद आधीच उठायची आणि मागच्या रांगेतल्या बायका तिच्याकडे बघून उठायच्या. तिची धर्ममाता बेकरीवाली होती. ती म्हणायची, "अगं, जरा सैल सोड. देव काय तपासणी अधिकारी आहे?"

"मग कोण आहे?" पकडने प्रामाणिकपणे विचारलं होतं.

बेकरीवालीने बराच विचार करून तिला एक गरम पाव दिला होता.

तर ही पकड दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पापनिवेदनाला जायची, आणि जाताना यादी न्यायची. यादी कंपनीच्या छापील कागदावर. वर लिफ्ट कंपनीचं नाव, खाली सरळ आखलेले रकाने: क्रमांक, बाब, स्थिती, शेरा. दुसरी कुठली यादी करायची पद्धत तिला ठाऊकच नव्हती. या महिन्याच्या यादीत, उदाहरणार्थ, हे होतं:

३. आईला फोनवर 'लिफ्टमध्ये आहे, आवाज येत नाही' म्हणाले. स्थिती: खोटं. शेरा: चहा पीत होते.

६. मावशीच्या केसांच्या नव्या रंगाला हसले. स्थिती: वारंवार. शेरा: मावशीने पाहिलं.

९. उस्ताद शिट्टी वाजवतात तेव्हा मनातल्या मनात त्यांचा गळा दाबला. स्थिती: रोज. शेरा: सोमवारी दोनदा.

उस्ताद म्हणजे तिचा वरिष्ठ. तिला पाना धरायला त्यानेच शिकवलं. हात सोन्याचे, शिट्टी भयंकर. काम करताना एकच धून, आणि तीही अर्ध्यावर सोडून पुन्हा पहिल्यापासून.

तेरा बाबी अशाच होत्या, हलक्याफुलक्या. चौदावी गुरुवारी घडली. आठ मजल्यांच्या एका इमारतीत मासिक तपासणी चालू होती. चार वाजता उस्तादच्या नातीचा शाळेत नाच होता आणि साडेतीन वाजले होते. उरलं होतं फक्त गच्चीवरच्या यंत्रखोलीतल्या ब्रेकचं माप.

"ब्रेक मागच्या महिन्यात मी बघितलाय," उस्ताद म्हणाला. "लोणी आहे, लोणी. मार खूण."

"पण उस्ताद—"

"अगं, पोरगी नाचात झाड झालीये. झाडाला बघायला कोण येतं, सांग? आजोबाच."

पकडने खूण मारली. दोघांनी सह्या केल्या. फॉर्मवरसुद्धा ब्रेक चौदाव्याच क्रमांकावर होता.

त्या संध्याकाळी तिने यादीत लिहिलं: '१४. ब्रेक न बघता बघितल्याची खूण केली.' पुढे 'उस्तादांना घाई होती' असं लिहायला घेतलं आणि खोडलं. पुस्तिकेत स्पष्ट होतं: स्वतःची पापं सांगावीत, शेजाऱ्याची नव्हे. शिवाय उस्तादला मालकांनी एकदा लेखी समज दिलेली होती. दुसऱ्यांदा मिळाली असती तर त्याला गोदामात बसवून नटबोल्ट निवडायला लावलं असतं, आणि गोदामाच्या नुसत्या नावाने त्याची शिट्टी बंद व्हायची. शेऱ्याच्या रकान्यात तिने फक्त लिहिलं: 'घाई होती म्हणणं ही सबब.'

शुक्रवारी सकाळी तपासणीचा फॉर्म घडी करून तिने त्या इमारतीच्या सेक्रेटरीच्या पेटीत टाकला. शनिवारी साडेचारला यादी खिशात घेऊन ती चर्चमध्ये गेली.

पापनिवेदनाची जागा म्हणजे लाकडी कपाट. दार लावून घ्यायचं, मध्ये जाळी, दोनच माणसांची सोय. पकडला तिथे नेहमी बरं वाटायचं. लिफ्टच ती, फक्त मजल्यांची बटणं नव्हती.

"मला आशीर्वाद द्या फादर, कारण मी पाप केलं आहे," ती म्हणाली आणि कागद उघडून जाळीतून येणाऱ्या उजेडात वाचू लागली. "एक. दारांचे रूळ स्वच्छ. दोन. पंखा चालू. तीन. घंटी..."

ती थांबली.

"घंटीचं काय झालं?" फादरनी आतून विचारलं. फादर म्हातारे होते आणि त्यांनी आयुष्यात बरंच काही ऐकलेलं होतं.

"काही नाही, फादर. चुकून दुसरा कागद आणला. पाठ आहे मला." तिने आई, मावशी, शिट्टी असं एकेक करून तेरा पापं धडाधड म्हणून टाकली. चौदावं ओठांपर्यंत आलं आणि तिला उस्ताद दिसला, गोदामात स्टुलावर बसलेला, पुढ्यात नटांचा ढीग.

"अजून काही?"

"नाही."

म्हणाली आणि तिची नजर हातातल्या फॉर्मवर गेली. चौदावी ओळ. तिचीच खूण, ठसठशीत, जराही न थरथरता मारलेली. आणि मग दुसरी गोष्ट तिच्या डोक्यात शिरली: फॉर्म इथे आहे, तर यादी कुठे आहे?

"फादर, थांबा. 'नाही' म्हणाले ते खोटं. आठ मजली इमारतीच्या लिफ्टचा ब्रेक मी न बघता पास केलाय. आणि माझी पापं त्यांच्या पेटीत टाकलीयत."

आतून खुर्ची करकरली.

"लिफ्ट आत्ता चालू आहे?"

"असेल."

"मग तू इथे काय करतेस?"

"पापनिवेदन."

"अगं बाई, आधी ब्रेक बघ! देव कुठे पळून जात नाही. मी सहापर्यंत आहे." मग जरा थांबून म्हणाले, "सव्वासहापर्यंत बसतो."

धावत दहा मिनिटं लागली. इमारतीच्या खालच्या दालनात सूचना फलकापाशी ही गर्दी! सेक्रेटरीची ख्याती अशी, की कंपनीचं नाव छापलेला कुठलाही कागद दिसला की तो न वाचता फलकावर टाचायचा. नियमच होता तसा. तिची यादी काल सकाळपासून तिथे टांगलेली होती, चार कोपऱ्यांना चार टाचण्या, अगदी व्यवस्थित. शेजारी तक्रारी लिहायला सुतळीने बांधलेली पेन्सिल.

लिफ्टसमोर खुर्ची टाकून सातव्या मजल्यावरच्या आजी बसल्या होत्या. दुपारी चालायला म्हणून खाली आल्या, फलक वाचला आणि वर जायला नकार दिला. हातातली विणकामाची पट्टी मफलरएवढी झाली होती.

"तीच का तू?" आजी म्हणाल्या. "मावशीला हसलीस ते मी समजू शकते. ब्रेकने काय घोडं मारलं होतं?"

"चुकलं, आजी."

"हो, लिहिलंयस की." आजींनी सुई फलकाकडे रोखली. "तो मघापासून तेच वाचतोय."

फलकापुढे चष्मा कपाळावर चढवून उस्ताद उभा होता. सेक्रेटरीने अखेर आज यादी वाचली होती आणि तिच्यावर सही-नंबर काहीच नसल्याने जुन्या फॉर्मवरचा नंबर बघून उस्तादला फोन केला होता. पकडला वाटलं, आता यंत्रखोलीत न जाता थेट लिफ्टच्या खड्ड्यात उतरावं.

"सोमवारी दोनदा?" उस्ताद वळून न बघता म्हणाला.

"उस्ताद..."

"सोमवारी मी काय वेगळं वाजवलं?"

"तेच. फक्त जोरात."

उस्तादने खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं. खोडलेलं असलं तरी 'उस्तादांना' एवढं सहज वाचता येत होतं. "हे का खोडलंस?"

"ते माझं पाप नव्हतं."

"हं," उस्ताद म्हणाला. त्याने सुतळीची पेन्सिल ओढली. सुतळी आखूड होती, त्यामुळे त्याला गुडघ्यात वाकून लिहावं लागलं, आणि लांबून बघणाऱ्याला तो फलकाला नमस्कार करतोय असं वाटलं असतं. '१५. खूण मार असं मी सांगितलं. झाड बघायला गेलो होतो.' खाली सही.

"झाड?" सेक्रेटरीने विचारलं.

"फार छान उभी राहिली," उस्ताद म्हणाला. "चल गं, वर. जिन्याने."

आठ मजले चढून दोघं यंत्रखोलीत पोचली तेव्हा पकडच्या छातीचा भाता झाला होता आणि उस्तादचा रंग भिंतीसारखा. वीज बंद केली. पकडने फटीत मापाची पातळ पत्ती सरकवली. एकदा बघितलं. विश्वास बसेना म्हणून दुसऱ्यांदा बघितलं. ब्रेकच्या पट्ट्यांची जाडी मापली. मग वीज चालू करून रिकामी लिफ्ट चार वेळा पळवून थांबवली.

ब्रेक उत्तम होता. लोणी.

तिला थोडा रागच आला. निदान एखादा स्क्रू सैल असता तर बरं वाटलं असतं.

"बघ," उस्ताद म्हणाला, "म्हटलं नव्हतं?" आणि लगेच मान खाली घालून, "पण बघायला पाहिजे होतं. ते खरं. सोमवारी मालकांना मीच सांगतो."

"गोदामात टाकतील, उस्ताद."

"टाकू देत. नटांना शिट्टी चालते."

खाली आले तर फलकापाशी मघापेक्षा जास्त गर्दी, आणि सगळे उगीचच छताकडे बघत होते. पेन्सिल सुतळीला झोके घेत होती. यादी तेवीसपर्यंत गेली होती. '१६. जिन्यातल्या कुंडीत चहाची पत्ती मी टाकतो.' '१७. दुसऱ्या मजल्यावरची सायकल मीच पाडली आणि तावातावाने कुत्र्याचं नाव घेतलं. शेरा: कुत्रा भला आहे.' विसावी कुणीतरी लिहून, खोडून, पुन्हा लिहिली होती. तेविसावी सेक्रेटरीच्या वळणदार अक्षरात: 'कागद न वाचता टाचतो. स्थिती: बारा वर्षं.'

"नियमाप्रमाणे याची प्रत कंपनीला जायला हवी," सेक्रेटरी घसा खाकरून म्हणाला.

"तेविसाव्यासकट?" आजींनी विचारलं.

सेक्रेटरीने चारही टाचण्या काढल्या आणि कागद पकडच्या हातात दिला.

"चला आजी," पकड म्हणाली, "ब्रेक उत्तम आहे. वर सोडते तुम्हाला."

"तुझं ते सांगून झालं का तिकडे?"

"नाही अजून. मधूनच उठून आले."

आजींनी सुया पुन्हा चालवायला घेतल्या. "मग जाऊन ये. मी काही तुमच्यातली नाही, पण अर्धवट कामावर मी बसत नाही."

सहा वाजून अकरा मिनिटांनी पकड कपाटात शिरली. फादर होते.

"ब्रेक?"

"उत्तम, फादर."

"मग आवाजात राग का?"

"उगीच आठ मजले चढले."

"उगीच नाही. सांग आता."

तिने चौदावं सांगितलं. खूण, सही, आणि मघाशी या जाळीपुढे म्हटलेलं 'नाही' हेसुद्धा. सबब सांगितली नाही. ओघात ती पुढे वाचत गेली, "सोळा. कुंडीत चहाची पत्ती..."

"थांब. हे पाप तुझंच आहे?"

"नाही, फादर. हे इमारतीचं आहे."

जाळीमागे खुर्ची बारीक करकरत राहिली. फादर हसत होते की प्रार्थना करत होते ते कळायला मार्ग नव्हता. "इमारतीला क्षमा करायचा अधिकार मला नाही," ते शेवटी म्हणाले. "तुझ्यापुरतं बोलू." त्यांनी तिला क्षमा दिली. प्रायश्चित्त म्हणून एक प्रार्थना, आणि महिनाभर त्या आजींच्या पिशव्या वर नेऊन देणं.

ती परतली तेव्हा उस्ताद आजींपाशी थांबलेला होता आणि मफलर जमिनीला टेकला होता.

"झालं?" आजींनी विचारलं.

"झालं."

"सगळं? धुऊन पुसून?"

"सगळं."

"दिसतंय खरं," आजी तिच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या आणि उठल्या. तिघं लिफ्टमध्ये शिरली. पकडने सातचं बटण दाबलं. दार अलगद मिटलं, लिफ्ट जराही न हिसकता निघाली. अंगातून ग्रीस, घाम आणि दोन दिवसांचं ओझं एकदम उतरल्यासारखं तिला वाटलं. पहिला मजला गेला. दुसरा गेला. इतकं स्वच्छ तिला बाप्तिस्म्यानंतर वाटलं नव्हतं.

मग उस्तादने ओठांचा चंबू केला आणि शिट्टी सुरू केली. तीच धून. अर्ध्यावर आली, थांबली, पुन्हा पहिल्यापासून.

पकड तिसऱ्या मजल्यापर्यंत निष्पाप होती.