पोटरीतून मनगटात

मित्रांनो, मी एक मज्जातंतू आहे. जुना म्हणावा तर माझं वय अवनी नावाच्या मुलीएवढंच, आठ वर्षांचं. तिच्या डाव्या पोटरीत माझं घर होतं. बाहेरच्या घोट्यामागून मी पावलाच्या कडेपर्यंत उतरत असे. पाय हलवणं माझं काम नव्हे. पायरी तापली आहे, खडा टोचतोय, चपलेचा पट्टा घासतोय, एवढंच वर कळवायचं. आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरातल्या पंचगंगा घाटावर ती अनवाणी उड्या मारायची तेव्हा मला उसंत नसे. कौतुक मात्र कधी झालं नाही. मी आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

संक्रांतीला गच्चीवर पतंगाचा मांजा तिच्या उजव्या मनगटात रुतला. जखम शिवली, भरलीही. सगळे निर्धास्त झाले, एक तिची आई नीरजा सोडून. एका सकाळी अवनी गरम दुधाचा पेला बोटांत धरून खुशाल गप्पा मारत होती. आईने पेला काढून घेतला. बोटं लालभडक झाली होती.

"भाजलं नाही तुला?"

"नहीं तो."

मोठ्या इस्पितळात कळलं, मनगटातला मज्जातंतू तुटलाय, टोकं मागे सरकलीत, मध्ये जोड हवा. तो पोटरीतून घेतात.

"मेरे पैर से ले लीजिए," आई म्हणाली.

"आपका नहीं चलेगा. इसी का लगेगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाँव का किनारा सुन्न रहेगा. चलेगी, दौड़ेगी. बस, रोज़ पाँव देखती रहिए."

मला कुणी विचारलं नाही. कापून, तुकडे करून मनगटात शिवलं. तिथे माझे स्वतःचे धागे विरून गेले, उरल्या रिकाम्या वाटा. त्यांतून मनगटाचे धागे बोटांकडे निघाले, मुंगीच्या पावलाने. मुंगी बरी, ती दिसते तरी.

आईला धीर कुठला? मनगटावर टिचकी मारायची, "झिणझिण्या कुठवर आल्या?" डोळे मिटायला लावून बोटांत कधी तांदूळ, कधी साबुदाणा द्यायची. अवनी पापण्यांच्या फटीतून बघून उत्तर द्यायची.

"लबाड, नीट मीट डोळे."

"आई, अब बस करो ना. सकाळीच तर केलं."

संध्याकाळी पुन्हा तेच. पायाचं तर गेलंच, हाताचंही नाही आलं तर? आईच्या मनात हेच घोळत होतं. माझ्याही. मी घर सोडून आलो होतो, ते फुकट जाऊ नये.

या हाताच्या नादात पाऊल बघायचं राहू लागलं.

कार्तिक पौर्णिमेला घाट पणत्यांनी भरला. दुसऱ्या सकाळी मायलेकी पायऱ्या उतरल्या, अवनी नेहमीसारखी अनवाणी. खाली बसून ती पाय धुवू लागली.

"आई, इथे काहीतरी टोचतंय."

"पायाला?"

"पायाला नाही गं. बोटाला."

तिचं उजवं बोट डाव्या पावलाच्या कडेवर होतं. तिथे फुटक्या पणतीची खापरी रुतली होती, रक्त आलं होतं. पायाला पत्ता नव्हता. आईने खापरी काढली, मग तळव्याने तिचे डोळे झाकले आणि तीच खापरी हलकेच बोटाला लावली.

"टोचतंय, आई. अब रो क्यों रही हो?"

आता आई रोज सकाळी आधी पाऊल मांडीवर घेते, मग हात. मित्रांनो, तुमच्यासाठी जिथून काही काढून घेतलं, ती जागा बघत जा. तिथे दुखलं तरी तिला सांगता येत नाही.