दुसऱ्या ट्रेमधला गहू

थोरल्या बहिणीच्या पत्राला त्याने उत्तर दिलं नव्हतं. तिने लिहिलं होतं, "सागरमहाराजांनी शेतावर त्यांचा समुद्रशेवाळाचा अर्क शिंपडला तेव्हा माझ्या मनात शंका आली. म्हणून गहू जळला का रे? आता पेरणीला मी बियाण्याला हात लावत नाही." बीजपरीक्षणात जन्म घालवलेला तो पुस्तकी म्हातारा दोन ओळी लिहायचा आणि कागद फाडायचा. आपल्याला तरी नक्की काय कळतं, असं त्याला वाटायचं.

मग तेच सागरमहाराज त्याच्या गल्लीमागच्या पटांगणात अवतरले. माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून डोकावत होती. मंचावर माना टाकलेल्या गव्हाचे दोन ट्रे होते. एकात महाराजांनी समुद्राच्या वासाचं तपकिरी पाणी ओतलं. "हा श्रद्धावानाचा." दुसऱ्यात साधं पाणी. "हा शंकेखोराचा. याला अख्खी नदी पाजा, उठायचा नाही." प्रवचन लांबलं, ते लांबवणं भागच होतं; पाणी प्यालेली रोपं उठायला वेळ लागतो. शेवटी पहिल्या ट्रेमधला गहू ताठ उभा, दुसऱ्यातला तसाच आडवा. आता अर्काची बाटली घ्या आणि कालव्याच्या पाण्याची पाळी सोडा, महाराज म्हणाले. पाळी धरेल त्याची भक्ती कच्ची. बहिणीने कालव्याची पाळी अशीच शेजाऱ्याला देऊन टाकली होती.

गर्दी बाटल्यांकडे लोटली. तो दुसऱ्या ट्रेपाशी गेला आणि एक रोप ओढलं. ते अलगद हातात आलं. मातीखाली धारदार पात्याने कापलेलं. दुसरंही तसंच, तिसरंही.

"आजोबा, हात काढा," चेला गुरकावला.

"याला मुळंच नाहीत," तो पुटपुटला. शेजारच्या बाईने ऐकलं आणि मोठ्याने विचारलं, "मग बिचारं पाणी पिणार कशाने?"

अडखळत त्याने सांगितलं, की पहिला ट्रे नुसता तहानलेला होता, विहिरीच्या पाण्यानेही उठला असता. काहींनी बाटल्या परत केल्या. बरेच जण म्हणाले, म्हाताऱ्याच्याच मनात खोट आहे.

घरी येऊन त्याने लिहिलं: "ताई, गहू तुझ्या शंकेने नाही, पाण्यावाचून जळला. महाराज दाखवतात त्या शंकेखोराच्या ट्रेमधल्या रोपांची मुळं आधीच कापलेली असतात. मी डोळ्यांनी पाहिलं. समुद्रशेवाळाचा अर्क खोटा नाही. ताण पडण्याआधी फवारला, तर पिकाला थोडा आधार देऊ शकतो. पण तो पाण्याची जागा घेत नाही आणि कोणाचं मन तपासत नाही. तुझी शंकाच बरोबर होती. यापुढे ती सगळ्यांसमोर विचार. पुढच्या पेरणीला बियाणं तूच काढ."

यंदाची पेरणी उरकली होती, तिच्या हाताशिवाय. ते ठाऊक असूनही त्याने पाकीट टपालपेटीत टाकलं.