माप जरा हळू सांगा

मुलं वाढतात आणि आपण मोठी माणसं त्यावर हसतो. "अरे वा, मिशी फुटली की रे!" "काय गं, केवढी थोराड दिसायला लागलीस!" जिन्यात, दुकानात, चार पाहुण्यांपुढे, कुठेही. त्यात कुणाचं काही बिघडतं असं आपल्या मनातही येत नाही. मी हे केलेलं आहे. तुम्हीही केलेलं आहे, उगाच मान हलवू नका. म्हणूनच तुम्हाला या टेलरमास्तरांची गोष्ट सांगतो. मास्तर वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर तुम्ही सगळा दोष त्यांच्या गळ्यात घालून मोकळे व्हाल.

मास्तरांचं दुकान शाळेच्या समोर. गणवेश शिवण्यात त्यांचा हातखंडा होता. दुकानात तीन मशीनं एकदम धडधडायची, त्यामुळे मास्तर मापं ओरडूनच सांगायचे आणि दाराजवळच्या टेबलाशी बसून त्यांची बारा वर्षांची मुलगी ती वहीत लिहायची. अंगाने अगदीच किरकोळ, म्हणून सगळे तिला बारकी म्हणत. तिची आई ती चार वर्षांची असतानाच गेली. घरात ती आणि बाबा. दुकानात ती, बाबा, मशीनवरचे कारागीर आणि काजं-बटणं करणारी मावशी.

मास्तरांना प्रत्येक पोराचं मागच्या वर्षीचं माप तोंडपाठ असायचं. माप घेता घेता ते गंमत करायचे. "तीन इंच वाढलास लेका! आता घराचं छप्पर उचलून घ्यायला सांग बापाला!" रांगेतली पोरं खिदळायची, आईबापही खूष. गणवेशाचे दिवस म्हणजे दुकानात नुसती धमाल.

बारकीची मैत्रीण होती हरणी. पळण्यात शाळेत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून ते नाव पडलेलं. दोघी बालवाडीपासून एकत्र. एकीला ताप आला की दुसरीचं पोट दुखायला लागायचं आणि दोघींचीही शाळा बुडायची. पण त्या वर्षीच्या सुट्टीत हरणी भराभर वाढली आणि बारकी होती तेवढीच राहिली. सुट्टीनंतर भेटल्या तेव्हा दोघींना एकमेकींकडे बघायचीच चोरी झाली. बारकीला वाटे, ही आता मोठ्या मुलींच्या घोळक्यात जाणार. हरणीला वाटे, हिला आपलं काय कळणार. बोलत मात्र दोघीही नव्हत्या.

मापाच्या आदल्या दिवशी हरणीने बारकीला शाळेच्या जिन्यात गाठलं.

"बारके, एक काम करशील?"

"बोल की."

"तुझ्या बाबांना एवढं सांग, माझं माप जरा हळू सांगा म्हणून. आपल्या वर्गातली मुलं असतात गं रांगेत."

"का?" बारकीने विचारलं आणि दुसऱ्याच क्षणी तिला कळलं. तिचेच कान लाल झाले. "सांगते."

"नक्की?"

"आईशप्पथ."

संध्याकाळी जेवताना बारकीने तीनदा तोंड उघडलं.

"बाबा, उद्या हरणी येणार आहे."

"येऊ दे की. तिचं कापड बाजूला काढून ठेवलंय."

"बाबा, तिचं माप..."

"त्याचं काय?"

"काही नाही."

कसं सांगणार? त्या घरात शरीराचा विषय निघायचा तो ताप आला, खोकला झाला तेव्हाच. आपली मैत्रीण मोठी होतेय आणि तिला लाज वाटतेय, हे वाक्य कुठून सुरू करायचं तेच त्या पोरीला कळेना. बाबा खो खो हसतील, याची तिला खात्री होती. ती ताट धुवायला उठली.

दुसऱ्या दिवशी रांग पार दारापर्यंत गेली होती. हरणीचा नंबर आला. तिने बारकीकडे पाहिलं. बारकीने वहीत मान घातली.

"खांदा चौदा!" मास्तर ओरडले. "छाती तीस! तीस? अगं पोरी, मागच्या वर्षी पंचवीस होती की! आईला म्हणावं, यंदा कापड जास्त लागणार!"

रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. एक-दोन बायाही तोंडाला हात लावून हसल्या. हरणीने पुन्हा बारकीकडे पाहिलं.

आणि बारकीही हसली!

का हसली, हे मी तुम्हाला सांगतो. वर्षानुवर्षं त्या वर्गात सगळे तिलाच हसत आले होते. बारकी, काडी, चिपाड. त्या दिवशी पहिल्यांदाच सगळे दुसऱ्या कुणाला तरी हसत होते आणि तिला त्यांच्यात उभं राहायला मिळत होतं. बारा वर्षांच्या पोरीला एवढा मोह पुरतो. मी तिला दोष देत नाही, पण तिच्या बाजूनेही बोलत नाही.

दुसऱ्या दिवसापासून वर्गात हरणीचं नाव झालं 'तीस'. एका मुलाने बारकीला विचारलंसुद्धा, "काय गं, खरंच तीस? वही तुझ्याकडे असते ना?" बारकीने होय म्हणून मान हलवली. हरणी मागेच उभी होती.

त्यानंतर हरणी दप्तर छातीशी धरून चालू लागली. खांदे पाडून, पाठीला बाक काढून. महिन्याने शाळाशाळांच्या शर्यती झाल्या. हरणी पहिली होती, चांगली दहा पावलं पुढे होती. कडेला उभ्या असलेल्या पोरांनी ओरडायला सुरुवात केली, "तीस! तीस!" ती पळता पळता थांबली. दोन्ही हात छातीवर घट्ट बांधून घेतले आणि मैदानातून सरळ बाहेर चालत गेली. मागच्या सगळ्या मुली तिच्यासमोरून पुढे निघून गेल्या. पुन्हा ती पळाली नाही. खेळाचे सर तीनदा तिच्या घरी जाऊन आले, पण व्यर्थ.

ही हकीकत मावशीने दुकानात सांगितली तेव्हा मास्तर कात्रीला धार लावत होते.

"हल्लीची पोरं फारच नाजूक बुवा," ते म्हणाले.

मावशीने हातातलं काज अर्धवट सोडलं. "मास्तर, त्या दिवशी तुम्ही माप सांगितलंत की दवंडी पिटलीत?"

"अहो मावशी, वीस वर्षं अशीच मापं घेतोय. आजवर कुणी तक्रार केली नाही."

"कोण करणार? बारा वर्षांचं पोर तुमच्यापुढे तक्रार घेऊन येणार? परवा त्या आवाज फुटलेल्या पोराला तुम्ही कोंबडा म्हणालात. तो पँटचं माप न देताच पळाला, ते तरी पाहिलंत का? तुमची गंमत पाच मिनिटांत होऊन जाते. त्यांना तेच अंग घेऊन रोज शाळेत जायचं असतं!"

मास्तर काही बोलणार, तोच टेबलापाशी बसलेली बारकी रडायला लागली.

"बाबा, तिने मला आधीच सांगितलं होतं. माप हळू सांगा म्हणून."

"मग तू मला का नाही बोललीस?"

"तुम्हाला कसं सांगणार?"

"का? मी काय वाघ आहे?"

"तुम्ही हसला असता."

मास्तरांनी हातातली कात्री खाली ठेवली. अख्ख्या वस्तीतल्या पोरांची मापं ज्यांना तोंडपाठ, त्यांना आपली पोर साधं एक वाक्य सांगू शकत नाही! आणि ती म्हणते त्यात खोटं तरी काय होतं? ते हसलेच असते. तिला कुशीत घेऊनही हसलेच असते.

त्याच संध्याकाळी बापलेक हरणीच्या घरी गेले. हरणी वडिलांचा ढगळ शर्ट घालून दारात आली. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ती आता तोच शर्ट घालायची, असं तिची आई म्हणाली.

"पोरी, माझं चुकलं," मास्तर म्हणाले. एवढ्या खड्या आवाजाचा माणूस, पण हे शब्द जेमतेम ऐकू आले.

"काका, तुमच्यावर माझा राग नाही. तुम्ही सगळ्यांचंच ओरडता." मग ती बारकीला म्हणाली, "तुला माहीत होतं."

"मी सांगणार होते गं. जमलंच नाही."

"ते कळलं मला. पण तू हसलीस. वर्गात मानही हलवलीस."

"चुकलं माझं. परत नाही करणार. आईशप्पथ."

"ती तू तेव्हाही घेतली होतीस," हरणी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुला काही सांगायचं म्हटलं की आता मला भीती वाटते." आणि ती आत गेली. तिच्या आईने दार लोटून घेतलं.

मास्तर बदलले, यात शंका नाही. दुकानात जाड पडदा आला. मुलींची मापं मावशी घेऊ लागली आणि आकडे चिठ्ठीवर लिहून देऊ लागली. मुलांची मापं मास्तर घेतात, पण आधी विचारतात, "बाळा, घेऊ ना?" रांगेत कुणी पोराच्या आवाजावर किंवा मुरमांवर हसलं, तर मास्तर त्याला म्हणतात, "हसायचं असेल तर बाहेर जाऊन हसा." काही गिऱ्हाइकं तुटली. तुटू देत.

हरणी मात्र बारकीकडे परत आली नाही. सत्र संपलं आणि तिने शाळा बदलली.

पुढच्या वर्षी बारकीही वाढली. मावशीने तिला सगळं नीट समजावलं. बाबांनी तर स्वतः पुस्तकांच्या दुकानात जाऊन या वयावरचं एक पुस्तक आणलं आणि मान खाली घालून तिच्या हातात दिलं. एवढं कोण करतं? पण मावशीजवळ खिदळता येत नाही आणि बाबांना सगळंच विचारता येत नाही. त्याच दिवसांत एका दुपारी रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरून हरणी चालली होती. बारकी दुकानाच्या पायरीवर उभी राहिली. हरणीने तिला पाहिलं, क्षणभर थांबली आणि पुढे गेली. बारकी आत येऊन परत टेबलाशी बसली.

तेव्हा मंडळी, एवढंच सांगायचं होतं. मुलांचं वाढणं हा आपला करमणुकीचा कार्यक्रम नाही. ज्या घरात या गोष्टी फक्त हसण्यावारी नेल्या जातात, तिथलं मूल कधीच तोंड उघडत नाही आणि वेळ आली की हसणाऱ्यांत जाऊन उभं राहतं. तुमचं मूल काही सांगायला आलं आणि मध्येच थांबलं, तर हातातलं काम खाली ठेवा, त्याच्याजवळ बसा आणि कृपा करून हसू नका. मास्तर आज हे दुकानात येईल त्याला सांगतात. लोक ऐकतात, माना डोलावतात. बारकी तिथेच बसून सगळं ऐकत असते, आणि तिला त्याचा काही म्हणजे काहीच उपयोग नाही.