हळदीचे हात

त्या साली सलग दुसऱ्यांदा पावसानं पाठ फिरवली होती. तामलवाडीच्या विहिरींचे तळ उघडे पडले होते, टँकर वेशीत आला की घागरीवर घागर आदळत होती. यंदा सप्ताह राहू द्या, असं दोन-चार जण बोललेही. पण सप्ताहाचे कारभारी श्रीपती अण्णा मारुतीच्या पारावर उभे राहिले आणि म्हणाले, "देवाचं नाव घ्यायला पानी लागत न्हाय. लागलंच तर डोळ्यातलं पुरंल." झालं, मांडव पडला. विजेचा काही भरवसा नव्हता, म्हणून कीर्तनं दुपार कलल्यावर ठेवली. आणि पाचव्या दिवसाच्या कीर्तनाला अण्णांनी नाव घेतलं ते अयोध्याचं.

अयोध्या म्हणजे मच्छिंद्र पखवाजी आणि मालनबाई यांची थोरली लेक. बापाच्या पखवाजाला टेकून झोपलेली आणि टाळांच्या आवाजानं जागी झालेली पोर. आवाज असा की, ओवी तिच्या गळ्यातून निघाली म्हणजे मांडवाबाहेर बिडी ओढणारा माणूस बिडी विझवून आत येऊन बसावा. अण्णांनी तिला चार वर्षं समोर बसवून निरूपण शिकवलं होतं. गावातली बाई नारदाच्या गादीवर उभी राहणार, हे तामलवाडीत पहिल्यांदाच घडत होतं.

मालनबाईला ही बातमी दूध संघाच्या डेअरीवर कळली. ती रिकामी चरवी घेऊन घरी आली ती जणू भरलेली असल्यासारखी, तोल सांभाळत. वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होती. उंबऱ्यात पाय ठेवला तर अयोध्या भिंतीकडं तोंड करून बसलेली.

"आई, म्या न्हाय उभी ऱ्हानार."

"काय झालं गं?"

विचारलं खरं. पण मालनबाईला ठाऊक होतं. अयोध्याच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत दाट, काळी लव होती. कळत्या वयापासून ती मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालायची, उन्हाळ्यातसुद्धा. पण कीर्तनात हात वर गेले की बाह्या कोपरापर्यंत घसरतातच. आठ दिवसांमागं देवळात सराव चालला होता, बाया महाप्रसादाचे गहू निवडत बसल्या होत्या, आणि डेअरीच्या चेअरमनची बायको प्रेमाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली होती, "देवानं पोरीला गळा दिला कोकिळंचा आन् हात दिले अस्वलाचे." बाया हसल्या. त्या दिवसापासून अयोध्याचे हात कमरेच्या वर गेले नव्हते. चाल बरोबर, ताल बरोबर, पण हात टाळांसकट पोटाशी बांधल्यासारखे. अण्णा दोनदा म्हणालेही, "पोरी, हात वर गेल्याबिगर नाव वर जात न्हाय."

प्रेमाबाईनं जाता जाता मालनबाईलाही टोचलं होतं, "तान्ही हुती तवा पिठाचा गोळा फिरवला असता अंगावरनं, तर ही येळ आली नसती." आता, त्या वर्षी मालनबाई रोजगार हमीवर खडी फोडत होती आणि पोर झाडाला बांधलेल्या झोळीत होती. पिठाचा गोळा भाकरीलाच पुरत नव्हता, तो अंगावर कुठून फिरवणार? पण टोचलं ते टोचलंच.

"माझा वस्तरा हाय की," मच्छिंद्रनं बापाच्या भोळेपणानं सुचवलं.

"लेकीची दाढी करता का?" मालनबाई उसळली. "दुप्पट उगवंल. तुम्ही आपला पखवाज सांभाळा."

दुसऱ्याच दिवशी हसीनाबी आली. डोक्यावर बांगड्यांची पाटी, तोंडात पान. नळदुर्गाकडून येणारी ही कासारीण गावातल्या प्रत्येक बाईचं मनगट ओळखायची. कीर्तनाला हिरव्या बांगड्या भरायच्या म्हणून मालनबाईनं तिला बसवून घेतलं. अयोध्यानं हात पुढं केला, पण बाही काही वर सरकवली नाही. हसीनाबीनं बांगडी हातातच धरली. पोरीकडं बघितलं, आईकडं बघितलं, पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

"क्या गे पोरी, इत्त्याशा गोष्टीसाठी रडती का? आमच्याकडं नवरी सजवतानी आमी बाया हेच करतो. साखरचा पाक लावायचा, वरनं फडकं दाबायचं, आन् फर्रकन वडायचं. हात असा निघतो, काचंवानी."

"दुकतंय?" अयोध्यानं विचारलं.

"हौ, दुकतंय ना. बांगडी भरतानी बी दुकतंय."

"कवा करायचं मग?" मालनबाईनं विचारलं. तिच्या डोळ्यांपुढं आत्ताच ते दोन गोरे-मोकळे हात मांडवाच्या छताकडं निघाले होते.

"कीर्तनच्या आदल्या दिवशी येते मी. साखर तुमची, लिंबू माझं. आमच्या मोरीच्या पान्यावर एक झाड जगलंय."

साखर होती. मच्छिंद्र कारखान्याचा सभासद, दिवाळीला मिळालेल्या साखरेतली थोडी मालनबाईनं डब्याच्या तळाशी राखली होती. चौथ्या दिवशी जेवणं उरकली, मच्छिंद्रला पखवाजाला कणीक लावायला देवळात पिटाळलं, आणि तिघींनी दार लोटून घेतलं.

पाक करणं हे मालनबाईचं राज्य. संक्रांतीचा हलवा गावात तिच्याइतका काटेरी कुणाचा होत नसे. पातेल्यात साखर, चमचाभर पाणी, लिंबाचा रस. बुडबुडे आले, रंग मधासारखा झाला, आणि तिनं सवयीनं कोनाड्यातल्या देवाकडं बघून वाटी पुढं केली.

"अगे, ह्याचा बी निवद दाखवती का?" हसीनाबी पदर तोंडाला लावून हसली. "दाखव बाई. तुज्या देवाला बी कळू दे, पोरीचा काय जीव जानार हाय ते."

"कुठलीबी गोड वस्तू मी देवाला न सांगता केली न्हाय," मालनबाई म्हणाली आणि दाखवलाच.

मच्छिंद्रच्या जुन्या धोतराच्या बोटभर रुंद पट्ट्या फाडल्या होत्या. पाक कोमट झाला. अयोध्यानं हात पुढं केला तशी मालनबाई मध्ये आली. "आधी माझ्यावर. काय हुतंय ते मला कळू दे." तिनं पदर खांद्यावर टाकला, मनगटावर पाकाची पातळ रेघ ओढून घेतली, हसीनाबीनं पट्टी दाबली, कातडी ताणून धरली आणि लवेच्या उलट्या अंगानं ओढली.

मालनबाई अशी किंचाळली की दाराशी बांधलेली शेळी दाव्यासकट ताडकन उठली. मग तिनं हात डोळ्यांशी नेला. पट्टी होती तेवढी जागा तुळतुळीत. "अगं बया," ती म्हणाली, आणि लेकीचा हात धरून हसीनाबीपुढं केला. "कर."

अयोध्या भिंतीला टेकून बसली. पहिली पट्टी निघाली तेव्हा तिच्या तोंडून "विठ्ठल" निघालं. दुसरीलाही. मग हसीनाबीनं तालच धरला. पट्टी दाबायची, थांबायचं, पोरीनं नाव घ्यायला तोंड उघडलं की ओढायची. "म्हन, म्हन. तुज्या देवाचं नाव घेतलं तर माझा हात बी हलका चालतोय." पाक कडक झाला की मालनबाई चुलीवर शेक देऊन परत सैल करायची. कोपराजवळ अयोध्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात मागं घेतला नाही. उन्हं कलली तेव्हा दोन्ही हात मोकळे झाले होते. लालभडक, फुललेले, पण मोकळे.

"आता गार पान्याचं फडकं ठिव," निघताना हसीनाबीनं बजावलं. "दुसरं काय बी लावू नक्को. उद्या सकाळी लाली जाती. सून रही ना गे?"

"ऐकलं की."

ऐकलं होतं. पण आईचं मन. लाल हात बघून तिला राहवेना. हसीनाबीची पाटी वळणाआड गेली न गेली, तोच मालनबाईनं आंबेहळद नव्हती म्हणून साधी हळदच घेतली, डेअरीला न घातलेल्या दुधाची साय घेतली, घोटली, आणि दोन्ही हातांना कोपरापर्यंत चोपडली. "आग जाईल," म्हणाली. आग गेलीही.

सकाळी अयोध्यानं हात धुतले. हात पिवळे. पीठ लावून चोळले. पिवळेच. उघडी पडलेली कोवळी कातडी हळद प्यायली होती. घरात पाण्याची एक घागर, आणि टँकर त्या दिवशी आलाच नाही. त्यातून हळद मनगटाच्या खाली तळहातापर्यंत उतरलेली. कितीही लांब बाह्या ओढल्या तरी दिसणारच.

पहिली नजर पडली प्रेमाबाईची. डेअरीवर अयोध्यानं चरवी ठेवली आणि प्रेमाबाईनं हातच धरला. "अगं बाई! हळद लागली? लगीन ठरलं आन् गावाला पत्ता न्हाय? मुंडावळ्या तरी दाखवा!" अयोध्या चरवी तिथंच टाकून पळत आली. गोष्ट मात्र तिच्याही आधी देवळात पोचली.

घटकाभरात श्रीपती अण्णा दारात. पाठोपाठ मच्छिंद्र, घाबरलेला. अण्णा बाजेवर बसले नाहीत, उभेच राहिले.

"मालनबाई, लपवायचं कशाला? पोरीचं भलं हुत असंल तर आनंदच हाय. पन हळद लागलेली पोर वेस वलांडत न्हाय, चारचौघात उभी ऱ्हात न्हाय. ही आपली रीत. मी आज माकणीच्या म्हाराजांना निरोप धाडतो. अयोध्याचं कीर्तन फुडल्या साली."

मालनबाईच्या पायाखालची जमीन सरकली. खरं सांगावं तर पोरीच्या अंगावरच्या केसांची गोष्ट या वडीलधाऱ्या पुरुषापुढं कशी काढायची? न सांगावं तर कीर्तन गेलं. चार वर्षांची शिकवणी गेली, आणि घालवली कुणी, तर तिनंच, एका वाटीभर सायीनं. तिनं तोंड उघडलं. "अण्णा, ते असं झालं..." पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती उभी राहिली.

आतून अयोध्या आली. बापापुढं, गुरूपुढं उभी राहिली आणि दोन्ही बाह्या कोपराच्या वर सारल्या.

"अण्णा, ही लग्नाची हळद न्हाय. हातावर दाट लव हुती माझ्या. तिच्या लाजंपायी माझा हात वर जात नव्हता. काल साखरंचा पाक लावून ती उपटून काढली. आग झाली, म्हनून आईनं हळद लावली. एवढंच हाय. तुम्ही म्हनला तर मी उभी ऱ्हाते, न्हाय म्हनला तर न्हाय. पन खोटं सांगून घरात बसनार न्हाय."

अण्णांनी त्या पिवळ्या हातांकडं बघितलं. मग खाली बघून म्हणाले, "मला वाटलं चाल जमंना म्हनून हात खाली ऱ्हात्यात. इतके दिवस पोरीला उगंच रागं भरलो." आणि मच्छिंद्रकडं वळून, "पखवाज लाव. दोनाला मांडव भरतोय."

मांडव भरला. गावात बातमीचं एवढं झालं होतं की कधी कीर्तनाला न येणारेही आले. अयोध्या नऊवारीचा पदर खोचून गादीवर उभी राहिली. गळ्यात हार, कपाळी बुक्का, मागं टाळकऱ्यांच्या दोन ओळी, उजवीकडं बापाचा पखवाज. मालनबाई बायांच्या घोळक्यात शेवटी, खांबाला धरून. नमन झालं, अभंग लावला, आणि अयोध्यानं हात उचलले. बाह्या घसरल्या. पिवळेजर्द हात मांडवाच्या उन्हात चमकले आणि बायांच्या बाजूनं खसखस पिकली.

अयोध्या थांबली. टाळ थांबले. मालनबाईनं डोळे मिटून घेतले.

"हसा," अयोध्या हसत म्हणाली. "हसायचीच गोष्ट हाय. मायबाप, एक दृष्टांत सांगते. तो पुरुषमंडळींना नसला कळला तरी बाया समजावून सांगतील. अंगाला काहीतरी नको ते चिकटलेलं असतं. वर्षानुवर्षं. आपण ते बाहीखाली झाकतो. झाकून जात न्हाय. मग त्याच्यावर एक फडकं दाबायचं आन् वडायचं. आता जो घाबरून हळूहळू वडतो, त्याचा जीव जातो. जो नाव घेऊन एका झटक्यात वडतो, त्याचं काम झालं. माझी लाज अशीच हुती. कुनी म्हनालं अस्वल, मी ती लाज सांभाळत बसले. काल एकदाची वडून टाकली. आग झाली. झाली तर झाली! आगीवर लावायला आईची हळद असतीच की."

बायांच्या बाजूला हशा फुटला. म्हाताऱ्या इरम्मा तर मांडीवर थापा मारत हसत होत्या आणि शेजारणीला खुणेनं पट्टी कशी ओढतात ते दाखवत होत्या. पुरुष एकमेकांच्या तोंडाकडं बघत होते, आणि कुणी समजावून सांगत नव्हतं. प्रेमाबाईनं मान खाली घातली होती, पण खांदे तिचेही हलत होते. आणि त्या हशातूनच अयोध्यानं गजर उचलला. दोन्ही हात सरळ वर, बोटं छताच्या पडद्यापर्यंत. मच्छिंद्रनं पखवाजावर असा हात टाकला की त्यानं स्वतःच मान वर करून लेकीकडं बघितलं. पुढं दोन तास मांडवातलं कुणी हललं नाही. पिवळे हात कधी दिसेनासे झाले आणि नुसतं नाव कधी उरलं, हे कुणाला कळलंही नाही.

आरती झाली. मग रीतीप्रमाणं लोक गादीकडं निघाले. गादीवर उभा असतो तो वयानं, नात्यानं लहान-मोठा राहत नाही. सगळ्यांनी त्याच्या पाया पडायचं आणि त्यानं ते थांबवायचं नाही. पहिले श्रीपती अण्णा वाकले. अयोध्याचा हात त्यांना आवरायला अर्धा पुढं आला आणि रीत आठवून तिथंच थबकला. प्रेमाबाई आली, वाकली, आणि उठताना हळूच मालनबाईच्या कानाशी लागली, "माझ्या धाकटीसाठी... साखर किती घ्यायची ओ?"

"उद्या घरी या," मालनबाई म्हणाली. "पाक मी करून देते. तुमाला न्हाय जमायचा."

मग ती ओळीत उभी राहिली. लेकीपुढं आली तेव्हा अयोध्याच्या ओठांवर "आई, नको" आलं होतं. मालनबाईनं ते ओठांवरच थांबवलं. "गप. आत्ता तू माझी न्हाईस." आणि पदर सावरून, गुडघे टेकून, जन्म दिलेल्या पोरीच्या पायांवर तिनं कपाळ ठेवलं. वरून दोन पिवळे हात खाली आले, एका हातानं तिच्या डोक्यावरचा पदर नीट केला, दुसऱ्यानं कपाळाला बुक्का लावला.

मालनबाई उठली. मागं ओळ खोळंबली होती, तरी ती तिथंच उभी राहिली. माकणीहून आलेला एक पाहुणा विचारत होता, बाई कुठल्या, कुणाच्या. सांगणारे दहा जण होते, पण मालनबाईनं कुणालाच बोलू दिलं नाही. "माझी हाय," ती म्हणाली.