उजव्या कानातले खडे

बाबा काचेवर उलटं लिहितो. दुकानाच्या आत उभा राहून, काचेच्या मागच्या बाजूने, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला अक्षरं सुलट दिसतात आणि पावसाने रंग जात नाही. वीस वर्षं हेच काम. कुठलंही नाव सांगा, तुमचा चहा संपायच्या आत उलटं लिहून मोकळा.

त्याच बाबाला एका सोमवारी शिडीच्या चौथ्या पायरीवर वर मान करताना अख्खं दुकान गरगर फिरायला लागलं. पडला नाही, कारण त्याने शिडीला घट्ट मिठी मारली. दुकानदार म्हणे, "बायकोला फोन करू का, की आधी शिडीला सोडताय?" घरी आल्यावर या गोष्टीवर आम्ही खूप हसलो. मग बाबा पलंगावर आडवा झाला, उजव्या कुशीवर वळला, आणि पलंगाची कड दोन्ही हातांनी धरून बसला. तेव्हा कोणी हसलं नाही.

डॉक्टरांनी तपासून फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. आई त्याला घेऊन गेली आणि बाहेर बाकावर बसली. मी शाळेत होते, म्हणून पुढचा सगळा घोळ झाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

वाचनालयाच्या नव्या दाराच्या काचेचं काम बाबाने घेतलं होतं. तीन आठवड्यांनी उद्घाटन. मामाचं स्टिकर छापायचं दुकान आहे. तो पहिल्याच संध्याकाळी येऊन बसला.

"भाऊजी, आता पुरे झालं. माझ्याकडे खुर्चीत बसून काम करा. वाचनालयाचं मी छापून चिकटवतो. आणि ती शिडी द्या मला, गोदामात लागतेच."

"तीन आठवडे थांब," बाबा म्हणाला. "नाही जमलं तर शिडी घेऊन जा."

मी मध्ये बोलले, "आणि जमलं तर मामाने सगळ्यांसमोर ती शिडी धरायची!"

"आली वकीलबाई," मामा म्हणाला. गेल्या वर्षापर्यंत पाहुणे आले की मी आतल्या खोलीत पळायचे. आता मला कोणी आवरू शकत नाही.

व्यायाम असा होता. पलंगावर बसायचं, मान एका बाजूला वळवायची, झटकन मागे आडवं व्हायचं, खांद्यांखाली उशी, डोकं किंचित खाली. थांबायचं. मग मान दुसऱ्या बाजूला. थांबायचं. मग अख्खं अंग त्या कुशीवर, नाक जमिनीकडे. शेवटी उठून बसायचं. कानाच्या आत बारीक खडे असतात, ते भलत्या नळीत शिरले की मेंदूला खोट्या बातम्या जातात. ते घरंगळत जागेवर जावेत म्हणून हा सगळा खटाटोप. बाबाने फिजिओथेरपिस्ट बाईंना सांगितलं होतं, "मला लिहून देऊ नका, काढून द्या, मला चित्र कळतं." त्यांनी पाच चित्रं काढून दिली, बाण घालून.

मी घड्याळ धरून बसायचे. बाबा ओठ आवळून व्यायाम करायचा, दिवसातून तीनदा, एकदाही चुकवला नाही. सहा दिवस झाले. गरगर तशीच.

सातव्या संध्याकाळी तो उठून बसला, घामाघूम. म्हणाला, "मामाला सांग, शिडी घेऊन जा."

मला इतका राग आला की मी तो कागद उचलला, फाडायलाच. आणि थांबले.

"बाबा, या माणसाला नाक का नाही?"

"काय?"

"केस आहेत, कान आहेत, नाक नाही, डोळे नाहीत. हे चित्र मागून काढलंय!"

"हो, मागूनच. म्हणून तर मी उलटवून घेतलं."

"उलटवलंस?"

"मागून दिसतं ते उलटवायचंच असतं," असं म्हणत त्याने काचेवर लिहितो तसा हवेत हात फिरवला. आणि हात तिथेच राहिला.

"पण कान कुठला, हे सांगितलं नव्हतं त्यांनी?"

"सांगितलं असेल. तेव्हा छप्पर फिरत होतं माझं!"

मी तिथल्या तिथे फोन लावला. फिजिओताई इतक्या हसल्या की फोन लांब धरावा लागला. "उजवा कान हो! लोकांचा डावा-उजवा घोळ होऊ नये म्हणून मी मुद्दाम मागून काढते, चित्रातला उजवा तोच आपला उजवा. चूक माझी, मी एकदा करवून घ्यायला हवं होतं. आता घरी काही करू नका. उद्या सकाळी या."

या वेळी मी आत गेले. शाळा बुडवली, आईला सांगून. ताईंनी बाबाचं डोकं दोन्ही हातांत धरून उजवीकडे वळवलं आणि त्याला झपकन मागे नेलं. त्याची बुबुळं भराभर उडायला लागली, मी स्वतः पाहिलं. ताई शांतपणे म्हणाल्या, "डोळे मिटू नका. मिनिटभरात थांबेल." थांबलं. मग डावीकडे, मग कुशीवर, मग बसला. पुन्हा एकदा पहिल्यापासून. दुसऱ्या वेळी बुबुळं जवळजवळ जागच्या जागी.

बाबाने खोलीभर नजर फिरवली. "भिंत उभी आहे," तो म्हणाला.

"भिंत उभीच होती," ताई म्हणाल्या. "पण लगेच शिडी नाही. खडे गेले, भीती राहते, तोलही सुस्तावतो. तो कामाला लावायचा."

मग घरी दुसरा अभ्यास सुरू झाला. बाबाने एका पुठ्ठ्यावर मोठा 'ळ' रंगवला, मी तो समोर धरायचे, आणि तो अक्षरावर नजर ठेवून मान डावीकडे-उजवीकडे हलवायचा. मग पाय जुळवून. मग उशीवर उभं राहून, आई पाठीशी. पहिल्या दिवशी पंधरा वेळा मान हलवून खाली बसला. चौथ्या दिवशी चाळीस. आठव्या दिवशी उशीवर उभा राहून म्हणतो, "या 'ळ'ची डावी गाठ बारीक झालीय, बदलतो." आई म्हणाली, "झाला हा बरा."

उद्घाटनाच्या आदल्या शुक्रवारी ताईंनी पुन्हा तपासलं. एका पायावर उभं केलं, वर बघायला लावलं, गर्रकन वळवलं. म्हणाल्या, "दोन पायऱ्या. तिसरी नाही. आणि शिडी धरायला माणूस हवा."

वाचनालयाचं नाव चौथ्या पायरीच्या उंचीवर ठरलं होतं. बाबाने काचेसमोर उभं राहून डोकं खाजवलं आणि खडूची रेघ हातभर खाली ओढली. ग्रंथपाल म्हणाल्या, "खाली?" बाबा म्हणाला, "दोन पायऱ्यांवरून हात पुरतो तिथे." त्यांनी एकदा बाहेर जाऊन पाहिलं आणि मान डोलावली.

मामा आला होता, हाताची घडी घालून. "धरू का शिडी?"

"आधी वकीलबाई," बाबा म्हणाला.

एक पायरी. दुसरी. त्याने ब्रश उचलला, मान वर केली आणि तसाच राहिला. पुठ्ठ्याकडे बघायचा तसं खडूच्या रेघेकडे टक लावून.

"हलतंय," बाबा म्हणाला.

मामाची हाताची घडी सुटली.

"शिडी हलतेय. तुझे हात थरथरतायत, वकीलबाई. नीट धर."

मी दोन्ही हातांनी धरली, पायही रोवले. मामाने दुसरी बाजू धरली. आणि वरून पहिलं अक्षर उतरायला लागलं, उलटं, एकदम सरळ हाताने.