दहा पेटावॅटचा चहा

आमच्या घरातला माणूस पंच आहे, हे मला रोज सकाळी मुद्दाम आठवावं लागतं. दुधाची पिशवी कापायची कात्री सापडली नाही की घर डोक्यावर घेणारा हा माणूस गोव्यातल्या पार्सेच्या पंचायतीत आमच्या वाड्यातर्फे बसतो. नाव गुरुदास. मी त्यांना पंचच म्हणते, म्हणजे राग आणि मान दोन्ही एका शब्दात भागतं.

त्यांचा स्वभाव आधीच सांगून टाकते. उत्साह अफाट, पण टिकतो पापणी लवेपर्यंत. काजूच्या बागेतलं रान काढायला कोयता परजत निघतील आणि चहाच्या वेळेला कोयता तिथेच टाकून घरी हजर होतील. न्हाणीघर रंगवायला घेतलं, ते एका भिंतीवर थांबलं. ती भिंत निळी आहे. बाकीच्या तिघी अजून वाट बघतात.

गेल्या वर्षी गावाच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, लेझरची ती मोठी प्रयोगशाळा उभी राहिली. दारात देशोदेशींचे झेंडे, आत देशोदेशींची माणसं. मुख्य साहेब हंगेरीचे, त्यांचं नाव लास्लो. त्यामुळे लेझर हे त्यांचं आडनाव आहे अशी निम्म्या गावाची अजून समजूत आहे. लेझरने मूतखडा निघतो असं कोणीतरी उठवलं, तेव्हा दोघं-तिघं रिपोर्ट घेऊन गेटवरही जाऊन आले. बेळगावकडच्या वॉचमनने त्यांना तांब्याभर पाणी पाजून परत पाठवलं, आणि एकाला त्यानेच बरं वाटलं.

पंचांनी मात्र पेपर वाचला. त्यात होतं की या लेझरची पॉवर दहा पेटावॅट, जगातल्या सगळ्या वीजकेंद्रांची मिळून होते त्याच्या कितीतरी पट जास्त. आता आमच्याकडे पॉवर या शब्दाला एकच अर्थ आहे. पॉवर येते किंवा पॉवर जाते.

आमच्या वाड्यावर ती आली तरी आल्यासारखी वाटत नाही. संध्याकाळी ट्यूब लुकलुकते आणि मिक्सरमध्ये खोबरं घातलं तर तो नुसता कण्हतो. आम्ही बायकांनी मागे लागून लागून एक नवा ट्रान्सफॉर्मर मंजूर करून घेतला होता. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या आधी बसणार होता. आणि ग्रामसभेत पंच उभे राहिले. म्हणाले, सड्यावर एवढी पॉवर आलेली असताना आमच्या वाड्याला हा डबा कशाला, तो वरच्या वाड्याला द्या. टाळ्या पडल्या. वरच्या वाड्याला खरं तर गरजच नव्हती, त्यांच्या पंख्याखाली पेपर उडतो. पण फुकट मिळतंय ते कोण सोडतो? त्यांनी पंचांना तिथल्या तिथे नारळ दिला. तो नारळ घेऊन हे हसत घरी आले, आणि मी विचारलं की याचं वाटण आता कुठल्या मिक्सरात काढू.

चवथीला आमच्या वाड्यात घरोघर आरत्या होतात आणि घुमट, म्हणजे चामडं चढवलेला मातीचा घट, वाजवतात आमचे पंच. ते एक काम मात्र त्यांनी कधी अर्धवट सोडलेलं नाही. शेजारच्या जानकीने मला दुकानावर गाठून स्पष्ट सांगितलं, लेझरची पॉवर आली तर उत्तम, नाही आली तर पंचांनी घुमट घेऊन आपल्याच घरात बसावं. वाड्यातल्या बाकी बायका तर माझ्याशी बोलायच्याच बंद झाल्या. मला वाईट वाटलं ते पंचांच्या घुमटाचं. घुमटाशिवाय हा माणूस चवथीला कसा दिसेल, हे मला डोळ्यांपुढे आणवेना.

चवथीला महिना उरला असताना प्रयोगशाळेने गावकऱ्यांना बघायला बोलावलं. वीज खात्याचे सगुण साहेबही पाहुणे म्हणून आले होते. आत शिरताना सगळ्यांना पांढरे झगे, टोप्या आणि पायांत पिशव्या दिल्या. जानकी आणि मी एकमेकींना ओळखेनाशा झालो, त्यामुळे चुकून दोन वाक्यं बोललोही. पंचांच्या काखेतली थैली काही सुटत नव्हती. त्यांनी वाटेतच सगुण साहेबांना ट्रान्सफॉर्मरचं विचारून घेतलं होतं. सोमवारी वरच्या वाड्यात चढतोय, साहेब म्हणाले, आणि एकदा चढला की खाली येत नाही.

आम्हाला समजावून सांगायला मुळगावची गौरवी होती. परदेशात शिकून आलेली, पण बोलणं आपलं. तिने काचेमागचे लांबलचक नळ दाखवले, आरसे दाखवले आणि म्हणाली की आता शॉट होणार. भोंगा झाला. सगळे श्वास रोखून उभे. मग आतून टक् असा आवाज आला, माचिसच्या काडीने डबीवर टिचकी मारावी एवढा. थोड्या वेळाने जानकीने विचारलं, कधी होणार. गौरवी म्हणाली, झाला.

पंचांनी लगेच फोन लावला. आमच्या सिद्धीला त्यांनी घरी ट्यूबखाली उभं करून ठेवलं होतं. उजेड वाढला का, विचारलं. फोन स्पीकरवर होता.

"पप्पा, लायट गेली," सिद्धी म्हणाली.

तरी धीर खचला नाही. पंचांनी थैलीतून एक्स्टेन्शन बोर्ड काढला, त्याला हळदकुंकूही लावलेलं होतं, आणि गौरवीला विचारलं, "हंय प्लग खंय आसा?"

लास्लो साहेबांना वाटलं, ही स्वागताची काही पद्धत असावी. त्यांनी दोन्ही हातांनी बोर्ड घेतला आणि कपाळाला लावला.

गौरवीला सगळा उलगडा व्हायला वेळ लागला नाही. ती हसली नाही, हे तिचे उपकार. म्हणाली, "काका, पॉवर खूप आसा, पूण टिकता कितली? पापणी लवचे आदींच सोंपता. एका शॉटातली सगळी एकठांय केली तरी एक कप चाय गरम जावची ना."

एक कप चहाही गरम होणार नाही म्हटल्यावर वाड्यातले सगळे पंचांकडे बघायला लागले. मला मात्र ते विज्ञान झटकन कळलं. माझं लग्नच त्याच्याशी झालेलं आहे.

पांढऱ्या टोपीत पंचांचा चेहरा एवढासा झाला होता. तेवढ्यात जानकीने विचारलं की असली कसली पॉवर, ती करतात तरी कशी. गौरवी सांगू लागली. प्रकाश आधी ताणून लांब करतात, मग हळूहळू पोसत नेतात, तोपर्यंत तो कुणाला काही करत नाही. आणि शेवटी सगळा दाबून, एका ठिकाणी नेम धरून, एका झटक्यात सोडतात.

हे काही पंचांचं वर्णन नव्हतं. ताणणं, पोसणं आणि गप्प राहणं हे सगळं माझं खातं. बागेतला कोयता, न्हाणीच्या तीन भिंती, वरच्या वाड्याचा नारळ, सगळं आत नीट साठवलेलं होतं. ग्रामसभेत मी आजवर कधी तोंड उघडलेलं नाही. मी सगुण साहेबांसमोर जाऊन उभी राहिले.

"सायबानु," मी म्हटलं, "ट्रान्सफॉर्मर नको म्हणालो तो माझो घोव. होयो म्हणतंय ती मी. तुमच्या घरात कोणाचा चलता?"

सगुण साहेबांनी आधी मागे वळून बघितलं. त्यांच्या मिसेस टोपी घालून तिथेच उभ्या होत्या. साहेब म्हणाले, सोमवारी तुमच्या वाड्यावर माणसं पाठवतो. मागून जानकीने टाळ्या वाजवल्या, आणि लास्लो साहेबांनीही वाजवल्या.

घरी आल्यावर पंच स्वयंपाकघरात शिरले, भांडी आपटल्याचा आवाज आला आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला चहा आणून दिला. कोमट होता.

"एका शॉटात इतकोच जाता," ते खाली मान घालून म्हणाले. मी सगळा प्यायले.

ट्रान्सफॉर्मर बसला. वरच्या वाड्याने नारळ परत मागितला, पण तो तोवर मिक्सरमधून निघाला होता, म्हणून त्यांना डबाभर खतखतें, आमची खोबऱ्याच्या वाटणातली मिसळीची भाजी, पाठवलं. चवथीला पंचांनी घरोघर घुमट वाजवला, हात सुजेपर्यंत. जानकीच्या घरी आरती संपल्यावर कोणीतरी नव्या ट्रान्सफॉर्मरचं कौतुक केलं. तेव्हा पंच घाम पुसत म्हणाले की खूप पाठपुरावा करावा लागला, पण शेवटी आणला आपण.

जानकीने माझ्याकडे बघितलं. मी परत साठवायला घेतलंय.